सम सोडायची म्हणजे काय!

पन्नाशीला टेकलेली, पोस्टात काउंटरवर बसणारी बाई रेगे बँडमध्ये ड्रम वाजवते, हे उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळींना अजून पचलेलं नाही. मला मात्र छान पचलंय!

देवास गेटजवळ एका दुकानाच्या माडीवर चौघांचा हा बँड दर रविवारी सकाळी कॅरिबियन बेटांचं हे रेगे संगीत शिकवतो. खाली बसवाले ‘इंदौर, इंदौर’ ओरडत असतात आणि वर गिटार भलत्याच जागी खट् खट् करत असते. मी गेले होते भाचीला सोडायला. ती दोन रविवारांत कंटाळली, मी चिकटले.

पुढे त्यांचा ड्रमर नोकरीसाठी भोपाळला गेला, आणि नेमका तेव्हाच आमच्या गणेशोत्सवातला कार्यक्रम ठरला. बेस गिटार वाजवणारे बँडचे प्रमुख आमच्या क्लासचे गुरुजीही होते. त्यांनी मला ड्रमवर बसवलं. लहानपणापासून तबला वाजवते, म्हणजे ही सहज निभावेल, असं त्यांना वाटलं. इथेच घोडं पेंड खात होतं.

तबला मला बाबांनी शिकवला. बँकेतून निवृत्त झालेले, ऐंशीचे बाबा; सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हे त्यांचं दैवत. माझा हात समेवर नीट पडला नाही, की त्यांचा माझ्या पाठीत पडायचा. आणि या रेगेत नेमकी तीच मात्रा रिकामी सोडायची! चार मोजायचे, पहिल्यावर गप्प, तिसऱ्यावर धाड्. मोठ्या ड्रमच्या पेडलवरचा माझा पाय काही ऐकेना. दर वेळी पहिल्यावरच दणका, वर मान हलवून माझी मलाच दाद.

“दीदी, पहला मत मारो ना,” गुरुजी हात जोडायचे. शेवटी वैतागून म्हणाले, “बुधवार तक नहीं छूटा, तो मैं मशीन लगा दूँगा. आप झांझ बजा लेना.”

मशीन! माझ्या जागी आपोआप ताल वाजवणारा एक डबा! माझं डोकंच फिरलं. ऑफिसात पाकिटांवर शिक्के मारता मारता मी रियाज सुरू केला. एक, दोन, ठप्प, चार. एकला श्वास आत घ्यायचा आणि हात वरच धरायचा. शेजारच्या काउंटरवरून विचारणा झाली, “मॅडम, तबियत तो ठीक है?” तबियत झकास होती, कारण मंगळवारी दुपारी अख्खा गठ्ठा संपला तरी शिक्का एकदाही एकवर पडला नव्हता. बुधवारच्या तालमीत गुरुजींनी मशीन पिशवीतून बाहेरच काढलं नाही.

घरी मात्र भडका उडाला. “सम सोडायची म्हणजे काय?” बाबा ओरडले. “अगं, मग परत यायचं कुठे? ये कोई बजाना हुआ?” शेवटी म्हणाले, “येईन मी. पण बघायला. ऐकायला नाही.”

आणि कार्यक्रमाला बसले थेट पहिल्या रांगेत, माझ्या समोर! पहिलं गाणं सुरू होताच त्यांचा तळहात मांडीवर पडू लागला, बरोब्बर समेवर. माझा पाय नुसता शिवशिवत होता. मी श्वास आत घेतला. त्यांचा हात पडला, माझा पाय थांबला, आणि तिसरीवर धाड्! काय सांगू, अंगात वीज खेळली. दुसऱ्या गाण्याला मागच्या बायका खुर्च्या सरकवून नाचायला लागल्या आणि आरतीचं तबक धरलेले काका तबकासकट डुलायला लागले. कार्यक्रम संपल्यावर गुरुजींनी मला सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. एकदाही पाय घसरला नाही, म्हणून मी हवेतच होते.

घरी जायला आम्ही ऑटोत बसलो. कसं झालं, हे बाबांना विचारायची भीती वाटत होती. ऑटो सुरू होताच ते म्हणाले,

“दुसऱ्या गाण्यात, शेवटच्या कडव्याला, तुझा पाय समेवर पडला.”

“खरंच? मला कळलंसुद्धा नाही. गुरुजींनाही नाही.”

“मला समजलं ना,” बाबा म्हणाले. “असं खटकलं, की विचारू नकोस.”