फेरीतलं सुटलेलं घर

मी हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. नाशिक सोडायच्या आदल्या संध्याकाळी मला कळलं होतं, की दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विसर पडायला लागलाय. कळूनही दुसऱ्या दिवशी सकाळी मी बडोद्याच्या नोकरीवर जायला सुरतेच्या एस.टी.त जाऊन बसलो.

पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. स्टँडवर दादा खिडकीशी उभे होते. "पोचल्याबरोबर पत्र टाक," म्हणाले. मी हो म्हटलं. आईने भाकरीचं फडकं आत दिलं. दादा पुन्हा म्हणाले, "पोचल्याबरोबर पत्र टाक." गाडी हलेपर्यंत तेच. आई हसली, "आवो, जाऊ द्या पोराला, टाकील तो पत्र." तिला ती बापाची माया वाटली. मी खिडकीची काच ओढून घेतली.

आमची कॉलनी सायखेड्याकडून आलेल्यांची. नदीच्या पुरात वस्तीतली घरं खचली आणि एकेक कुटुंब नाशकात येत गेलं. विहारात वंदना झाली की म्हातारी माणसं ओट्यावर बसून 'फेरी' खेळायची. नदीपासून निघायचं आणि मोडून गेलेल्या त्या वस्तीतली घरं ओळीने सांगायची. पहिल्याने एक घर, दुसऱ्याने ते सांगून पुढचं, तिसऱ्याने दोन्ही सांगून त्याच्या पुढचं. चुकलं की सगळे परत नदीवर. नुसतं नाव चालत नसे, दारातली खूणही लागे. भिकाजीचं घर, दारात शेवगा. गंगूबाईचं घर, उंबऱ्याशी फुटकी फरशी. कुणी कुणाला आठवून द्यायचं नाही, हा नियम किसनतात्यांचा. "जो सांगंल त्याला आज चहा नाय," असं ते खेळाआधीच बजावत. चहाची किटली त्यांच्याच ताब्यात असे.

दादा या खेळात पट्टीचे. त्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला ओट्यावर गेलो तेव्हा त्यांचीच पाळी होती. नदी, शेवगा, फुटकी फरशी, सगळं घडाघडा. मग एक घर ओलांडून ते पुढे गेले. ते घर आमचं होतं.

"चुकला!" म्हणून ओरडायला एरवी टपलेले किसनतात्या चष्मा पुसायला लागले. शेजारच्या सोनामावशी दादांकडे झुकून म्हणाल्या, "आन् तुमचं वो, रंगनाथभाऊ? दारात रांजण?"

"हां, आमचं. रांजण," दादा म्हणाले. दुसऱ्या कुणाचं घर सांगावं तसं.

आणि तात्यांनी सोनामावशींना चहा दिला. कप भरून. तेव्हा मला कळलं, की हे आजच घडलेलं नाही. ही माणसं दादांना कधीपासून सांभाळून घेतायत. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी सांगशील ना, असं ते पाहणं होतं.

मी घरी येऊन ट्रंक भरली. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग तू थांब. मला थांबायचं नव्हतं. इतकंच.

बडोद्यात शिफ्ट, ओव्हरटाइम, कँटीनची गोड डाळ. 'केम छो' म्हटलं की 'मजामा' म्हणायला शिकलो. सुट्टीच्या दिवशी रूम पार्टनर लोळत पडायचे, मी उगाच स्टेशनपर्यंत चालत जाऊन यायचो. एका जागी बसवत नसे. अजूनही नाही.

दर एप्रिलात जयंतीला घरी जायचो. तिथे आई कावलेली. "तुझा बाप मुद्दाम करतो. मीठ मागितलं तर कंदील आणून ठिवतो. माझा जीव खायाला बसलाय." दादा ओशाळून हसायचे. "हसता काय वर!" ती ओरडायची. मी ताटात बघून जेवायचो. दरवेळी ठरवायचो की बोलायचं. दरवेळी परतीच्या गाडीची वेळ व्हायची.

शेवटी डॉक्टरांनी आजार आहे म्हणून सांगितलं, तेव्हा दादा आईला ओळखत नव्हते. मग ते गेले. पुण्यानुमोदनाचे पाहुणे पांगल्यावर आई भिंतीला टेकून म्हणाली, "लय बोलले रे मी त्यांना. आजार हाय हे आधी कळतं, तर नसते बोलले."

"कुणाला कळणार होतं, आई?" मी म्हणालो.

एस.टी.त बसलो त्याहून हे वाक्य मला जास्त टोचतं.

आता मुलं गुजरातीत भांडतात, आणि गाव म्हणजे काय ते मला विचारतात. मला दाखवायला काही नाही. चालताना मी फेरी धरतो. नदी, शेवगा, फुटकी फरशी. आमचं दार आलं की पाय उचलतो आणि पुढे जातो. दादा विसरून गेले होते. मला तर रांजणाचा ओला तळही आठवतो.

दादांच्या जागी आता आई बसते. तात्या सांगत होते, ती कधी चुकत नाही. आमच्या घराशी येते आणि म्हणते, "रांजण, आन् रांजणापाशी हे."

कॉलनीच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या म्हणून हे लिहिलं. आईला वाचता येत नाही. ओट्यावर कुणीतरी तिला वाचून दाखवील. त्याआधी मला नाशकात जाऊन तिच्यासमोर बसायला हवं. मला माहीत आहे, हे आईला माझ्या तोंडाने सांगायचं अजून बाकी आहे.