यादीत नसलेलं दार

आमच्या सोसायटीत भुतांचा सण सुरू होऊन तीन वर्षं झाली. यंदा भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर मेसेज आला: हॅलोविनची मीटिंग, रविवारी अकरा वाजता, क्लबहाउसमध्ये. घराघरांतले फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते आणि आमच्या लोकांना भुतांची घाई. मी मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवून दिला. तुर्भ्याच्या कंपनीतून साडेसातला घरी पोचणाऱ्या बाईला भूत व्हायला वेगळा मेकअप लागत नाही.

शिवाय आमच्याकडे यंदा सण नव्हतेच. मे महिन्यात माझा नवरा गेला, झोपेतच, बेचाळिसाव्या वर्षी. वर्षभर सणाचं गोडधोड नाही, तळणीची कढई चढवायची नाही, हे सासूबाईंनी सांगायच्या आधीच मला ठाऊक होतं. दसऱ्याला तोरण नाही, दिवाळीला कंदील नाही. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे फराळ आणून दिला, दारातूनच, हळू आवाजात. खरं सांगते, मला त्या रीतीचा आधारच वाटला. सण नाही म्हणजे जाळीजळमटं काढणं नाही आणि चार लोकांत हसरं तोंड करून उभं राहणंही नाही.

शनिवारी बी विंगच्या ताईंचा फोन आला. या सणाचं सगळं त्याच बघतात. मुलं कुठल्या कुठल्या दारी चॉकलेटं मागायला जाणार त्याची यादी करतात आणि त्या दारांवर कागदी भोपळे चिकटवतात.

"वहिनी, तुमचं घर मी मुद्दामच नाही घेतलं हं," त्या म्हणाल्या. "आम्ही समजू शकतो ना. लेकीला मात्र पाठवा."

मी थँक्यू म्हटलं, तेही मनापासून. एक काम वाचलं.

माझी नऊ वर्षांची लेक शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं.

"आपल्या दाराला भोपळा का नाही?"

"यंदा आपल्याकडे सण नाहीत. माहितीये ना तुला?"

"पण हा आपला सणच नाहीये, मम्मी."

दसरा गेला, दिवाळी गेली, पोरीनं चकार शब्द काढला नव्हता. आमच्या कुळाचारात हॅलोविन करू नये असं कुठे आहे, हे काही मला तिला दाखवता येईना. जाऊ दे ना बाळा, मम्मी दमलीये, असं मी म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, मेपासून मैत्रिणींपैकी कुणीच आपली बेल वाजवत नाही. तिला खेळायला बोलवायचं तर सगळे खालून इंटरकॉम करतात. त्यांच्या मम्म्यांनी बजावलंय, त्यांच्याकडे जाऊन दंगा करायचा नाही. "आपलं घर काय भुताचं आहे का?" असं विचारून ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मला इतके महिने हे कळलंच नव्हतं, याची मला लाज वाटली.

रविवारी मी मीटिंगला गेले. तासभर नुसता गोंधळ. मुखवटे ऑनलाइन मागवायचे की जुईनगरला स्टेशनबाहेर घ्यायचे, लहान मुलं घाबरली तर जबाबदारी कुणाची, पार्किंगमध्ये कवटी लटकवली तर रिव्हर्स घेणाऱ्यांचं काय. खरा भोपळा कोरायचा ठरला, पण कोरणार कोण? सेक्रेटरी काका इथलेच, मूळ गावातले. आमची बिल्डिंग उभी आहे ती एकेकाळी त्यांच्याच घरची खाडीकाठची शेती. ते म्हणाले, "भोपला कापाला काय लागतंय? कोयता आनतू. आमचे टायमाला हितं सगली खार होती, भुतांना मीटिंग नव्हती लागत."

हशा ओसरल्यावर मी म्हटलं, "आमचं दार यादीत लिहा."

ताईंनी आवाज उतरवला. "अहो पण वहिनी, सासूबाई आहेत ना घरी? त्यांना कसं वाटेल? तुमच्या वाटची चॉकलेटं आम्ही देऊ ना."

त्या हळू आवाजाचा मला असा काही वीट आला होता! "नवरा गेलाय माझा," मी म्हटलं, "दार आहे अजून जागेवर." आणि मग, उगाच, "आईंना विचारलंय मी." विचारलं कुठे होतं? थाप मारली धडधडीत.

"लिव गो," काका ताईंना म्हणाले, "एवरा काय इचार करतंस?"

ताईंनी लिहिलं. मी जिना चढताना पाय ओढत चढले. सासूबाई साताऱ्याकडच्या, मुलाच्या दिवसांना आल्या आणि नातीसाठी राहिल्या. ज्या आईनं पोटचा मुलगा पोचवला तिच्या दारात पांढऱ्या चादरी पांघरलेली पोरं नाचवायची, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्या स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या. लेक दाराआड उभी. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, थाप मारली तेही.

त्यांनी मान वर केली नाही. "किती पोरं?"

"तीसेक असतील."

"चाकलेट कशाला मग? शेंगदान्याचं लाडू वळू. त्याला तळन लागत न्हाई."

लेक चपला न घालताच कागदी भोपळा आणायला बी विंगकडे पळाली. मी तिथेच फरशीवर बसले, एक जुडी पुढे ओढली. पण मन काही मानेना.

"आई, मुलं भुतं बनून येणारेत. तुम्हांला नक्की चालेल ना?"

"येऊ देत की. भुतं खरी असती तर पाच म्हैन्यांत एकदा तरी आला असता त्यो." त्यांनी काड्या बाजूला सारल्या. "दुपारची एकलीच असती मी. दार नुसतं पुढं करती. कडी घालत न्हाई."

मी रात्री सगळे झोपल्यावर तेच करत होते. इतके महिने मला वाटत होतं, या घरात त्याची वाट बघणारी मी एकटीच आहे.