खंडेनवमीचं रीळ

पांढुर्ण्यात वसंतरावांना सगळे ‘रीळवाले’ म्हणत. त्यात कौतुक कमी आणि चेष्टाच जास्त होती. जन्म गेला मंडीत संत्री निवडण्यात, पण घरी पत्र्याच्या डब्यात एका मूकपटाचं रीळ होतं, आणि त्याला कोणी हात लावला की हा गरीब माणूस अंगावर यायचा.

त्यांचे वडील रघुनाथराव तंबूच्या सिनेमात पडद्याशेजारी उभे राहून मुक्या चित्रांची गोष्ट सांगायचे. या रिळातला सिनेमा ऐतिहासिक होता. एका जुन्या राजधानीला वेढा पडतो आणि अख्खं शहर जळतं. लोक पळत सुटतात, आणि पेटलेल्या बाजारात एक पोर क्षणभर थांबून मागे वळून बघते. लाकडाचं ते खोटं शहर उभारणाऱ्या सुताराचीच ती मुलगी. पुढे बोलपट आले, तंबू मोडला, रघुनाथरावांनी हे रीळ मागून घेतलं, आणि काही वर्षांनी त्या मुलीशीच लग्न केलं.

वसंतराव रांगत होते तेव्हा ती गेली. फोटो एकही नाही. लहानपणी वसंतराव ते रीळ उन्हात धरून बघायचे, पण नखाएवढ्या चित्रात तोंड काही कळायचं नाही. आपली आई दिसायला कशी होती, हे या माणसाला म्हातारपणापर्यंत ठाऊक नव्हतं. याच्यावर आमच्या गल्लीत लोक हसायचे, याची मला आजही चीड येते.

खंडेनवमीला जो तो आपल्या धंद्याची अवजारं पुजतो. या घरात रीळ पुजायचे. आईचा तुकडा सगळ्यात वर येईल असं रघुनाथरावांनी ते गुंडाळून ठेवलं होतं. ती अहेव गेली, तेव्हा तिला कुंकू लागलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. डबा उघडून पाणी शिंपडायचं आणि त्या तुकड्यावर ओलं कुंकू लावायचं. वडिलांमागे वसंतरावांनी हे कधी चुकवलं नाही. एखाद्या वर्षी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन राहिलं असेल, हे नाही.

गेल्या वर्षी नात ऋतुजा ते रीळ पुण्याला घेऊन गेली. तिथे जुन्या फिल्मा साफ करून कॉम्प्युटरवर उतरवतात. वसंतरावांनी मंडीभर सांगितलं की माय येऊन राहिली. दिवाळीसाठी शिवलेला सदरा तेव्हाच घालायला काढला.

ऋतुजा आली तेव्हा मीही तिथेच बसलो होतो. तिने मोबाइल त्यांच्या हातात दिला. शहर जळत होतं, बुरूज कोसळत होते, माणसं पळत होती. म्हातारा डोळे फाडून गर्दीत शोधत राहिला. चित्र संपलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. ते पुन्हा संपलं.

ऋतुजाने मान खाली घातली. “आबा, आतलं सारं निघालं. वरचा तुकडा तेवढा गेला. पाण्यानं न कुकवानं त्याच्यावरचं चित्रच धुऊन गेलं म्हणे.”

वसंतराव बराच वेळ आपल्या उजव्या हाताचं बोट बघत बसले. कोणी काहीच जपून ठेवू नये, असंच मला त्या दिवशी वाटलं.

रीळ पुण्यालाच राहिलं. यंदा खंडेनवमीला सुनेने सवयीने तो रिकामा डबा पाटावर मांडला आणि कुंकवाची वाटी सासऱ्यांपुढे केली. त्यांनी ती तिच्याकडेच सारली.

“डब्याले तूच लाव,” ते म्हणाले. “तिले बहुत लावलं मीनं.”