चौकात हिसका देणारी गाडी

गिरणीवाल्याला मी दहा मिनिटं गिरणी बंद ठेवायला सांगितलं, तेव्हा दळणाचे डबे घेऊन सात बायका ओळीत उभ्या होत्या.

“कामून?” त्याने विचारलं.

“आप्पांची गाडी हिसके मारायलीय.”

“मग मेकॅनिककडं न्या की. गिरणी काय करंल त्याला?”

“कॉम्प्युटरातली गाडी हाय,” मी आवाज खाली आणून म्हणालो.

सातही बायकांनी ते नीट ऐकलं. आमच्या ताडकळसात एवढं पुरतं.

माझं म्हणणं साधं होतं. गिरणीची आणि आमच्या घराची वीज एकाच खांबावरून येते. गिरणी सुरू झाली की आमचा पंखा मंदावतो, मग कॉम्प्युटरही दबत असणार. गिरणीवाला भला माणूस, त्याने मोटार बंद केली. मी पळत घरी आलो. आप्पा खेळाचं स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांनी पडद्यावरची बस चौकात आणली, आणि बसने हिसका मारला. गिरणी निर्दोष सुटली. त्यानंतर मी गिरणीवरून जायला लागलो की तो आतून विचारायचा, “आज बंद ठेवू का?”

आप्पा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं त्यांनी एसटीची लाल गाडी चालवली. त्यांच्या गाडीत बाईच्या मांडीवरचं दह्याचं गाडगं हिंदकळत नसे. हे ते स्वतः सांगत नाहीत, पण दुसरं कुणी सांगायला लागलं तर थांबवतही नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. डॉक्टरांनी पुन्हा गाडी चालवायला परवानगी दिली तरी घरच्या जुन्या कारची किल्ली चौकटीजवळच्या खिळ्यावर तशीच लटकत राहिली. आईला पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं होतं, आणि आप्पांच्याच हातच्या गाडीत. माझ्या हातच्या गाडीत तिला मळमळतं.

आप्पांनी तोड काढली. “आधी तुझ्या त्या खेळात पाय बघतो. जमला तर शनिवारी पोखर्णी. न्हाई जमला तर कार इकून टाक.”

खेळ बस चालवण्याचा होता. मूळ खेळात परदेशी रस्ते आणि परदेशी शिस्त. ती मला सहन होईना, म्हणून मी मॉड घातले. मॉड म्हणजे खेळ तयार झाल्यावर लोकांनी बाहेरून घुसवलेला माल: कुणी बस बनवतं, कुणी झाडं, कुणी हॉर्न. मी एकशे त्रेचाळीस घातले होते. लाल बस, बाभळी, मधे बसलेल्या म्हशी, उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले, चौकाचौकात फ्लेक्स, आणि परभणी ते ताडकळस असा मी स्वतः जोडलेला रस्ता. फ्लेक्सची डिझाइनं करणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे कॉम्प्युटर दणकट होता. आप्पांसाठी मी स्टिअरिंग आणि क्लचसकट तीन पायंडलं आणली.

मोकळ्या रस्त्यावर बस लोण्यासारखी चाले. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं पडतात त्याचा आकडा असतो, तो साठावर स्थिर. पण फाटा आला, पूल आला, बाजार आला की आकडा धाडकन बारावर येई, चित्र गोठे, आणि बस पुढे उडी मारून सुरू होई.

आप्पांनी दोन दिवस तशीच चालवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाय पायंडलवरून काढून घेतला.

“फाट्यावर, पुलावर, बाजारात,” ते म्हणाले. “जिथं गिअर टाकावा लागतो तिथंच हिसका बसायलाय. पाय गेला माझा.”

“आप्पा, खेळात बिघाड हाय. मी चालवली तरी तसंच होतंय.”

“तू चालवल्यावर हिसका बसणारच. तू खरी गाडीबी तशीच चालवतोस.”

मी कोपऱ्यातला आकडा दाखवला. तर म्हणाले, गाडी हिसकली म्हणून आकडा पडतोय. शनिवारला पाच दिवस होते, आणि त्याच संध्याकाळी आप्पांनी गिरणीवाल्याला, म्हणजे सगळ्या गावाला, कुणाला जुनी कार पाहिजे का म्हणून विचारून ठेवलं.

मग मी तपासाला लागलो. गिरणी सुटल्यावर माझा शक परभणीतल्या कॉम्प्युटरवाल्यावर गेला. मागे मशीन त्याच्याकडे साफसफाईला दिलं होतं. पडद्यावरची चित्रं उभी करणारं माझं चांगलं ग्राफिक्स कार्ड काढून त्याने हलकं बसवलं असणार, ह्याबद्दल मला खात्रीच झाली. कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घालून मी बसने परभणी गाठली आणि दुकानात चार गिऱ्हाइकांपुढे म्हणालो, “माझं कार्ड परत द्या.”

तो शांतपणे म्हणाला, “खूण हाय का काही?”

होती. सामान बदलू नये म्हणून मशीन देण्याआधी मी बायकोच्या गुलाबी नेलपॉलिशने कार्डावर ठिपका लावला होता, आणि मग विसरून गेलो होतो. त्याने डबा उघडला. ठिपका जागच्या जागी होता. शेजारी माझ्याच हस्ताक्षरात माझं आद्याक्षर होतं.

“चहा घ्या,” तो म्हणाला. त्या चहाइतका कडू चहा मी आजवर घेतलेला नाही, आणि त्यात साखर भरपूर होती.

परत येऊन मी मॉडांना धरलं. निम्मे काढायचे, चालवून बघायचं, हिसका बसला तर राहिलेल्यांतले निम्मे काढायचे. म्हशींची चौकशी झाली. बाभळी दोन वेळा हजर केल्या. उलटे येणारे दुचाकीवाले तर मी चौकशीशिवायच हद्दपार केले. गुरुवारी दुपारपर्यंत रस्ता आणि बस सोडता खेळात जवळजवळ काही उरलं नव्हतं, आणि बस फाट्यावर तशीच हिसकत होती.

त्या दुपारी एक गोष्ट माझ्या मनात आली, ती मी कुणाला सांगितली नाही. आप्पांचा पाय खरंच गेला असेल तर? मी मशीनला, दुकानदाराला, म्हशींना धरत बसलोय ते त्यांच्यासाठी, की मला ते बघायचं नाही म्हणून? मी आप्पांकडे चोरून बघितलं. ते बाजेवर बसून दोन्ही हातांनी गुडघा दाबत होते, आणि मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी हात काढून घेतले.

बायको चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या पडद्याकडे बघत राहिली. मी फाटा ओलांडला. हिसका. पूल. हिसका.

“ओ,” ती म्हणाली, “हे सगळं काढलंत, तर ते कामून ठेवलंय?”

“कोणतं?”

“ते काय, फ्लेक्सवर उभे हाव तुमी. फाट्यावर गॉगल लावून, पुलावर फेटा बांधून, बाजारात फोन कानाला लावून. जिथं तुमचं तोंड दिसायलंय तिथंच गाडी अडायलीय.”

आता कबुली देतो. चौकाचौकातले ते चाळीस फ्लेक्स माझ्या वाढदिवसाचे होते. दुसऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करण्यात आयुष्य चाललंय, माझा एकही कुणी लावला नाही, म्हणून निदान खेळात लावले. प्रत्येकावर फोटो वेगळा, शुभेच्छुक वेगळे, आणि सगळे शुभेच्छुक मीच. फोटो लहान केला की चेहरा धूसर व्हायचा, म्हणून खेळ घेईल तेवढ्या मोठ्यातल्या मोठ्या मापात चढवला होता. बस फाट्याजवळ आली की ते एवढाले फोटो उचलता उचलता कार्डाचा दम निघायचा. बाकी सगळ्यांवर मी शक घेतला. हे फ्लेक्स मात्र प्रत्येक वेळी चौकशीतून वगळले, कारण ते आपलेच होते.

तासाभरात सगळे फोटो नखाएवढे केले. आकडा साठावरून हलेना. मी आप्पांना हाक मारली. त्यांनी ताडकळस ते परभणी सबंध फेरी मारली, एकही हिसका नाही. मला वाटलं आता हसतील. ते माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

“मला बरं वाटावं म्हणून गाडी हलकी केलीस तू.”

“न्हाई आप्पा. माझे फोटो लहान केले.”

“तुझ्या फोटोनं बस हिसकायली व्हती? मला काय येडा समजतोस?”

खरं सांगूनही पटेना. शेवटी त्यांनीच हुकूम सोडला. “मोठे कर परत.” मी केले. त्यांनी बस तिसऱ्या गिअरमध्ये घातली, डावा पाय पायंडलवरून उचलला आणि फरशीवर सपाट ठेवला. मला म्हणाले, “पायाकडं बघ. रस्त्याकडं मी बघतो.” फाटा आला. त्यांनी गिअर बदलला नाही, पाय हलवला नाही. बस गचकन थांबली, उडाली, पुढे गेली. पूल आला. पुन्हा तेच.

आप्पांनी फरशीवरचा पाय उचलला आणि गुडघा दोनदा वाकवून बघितला.

“मंजी पाय न्हाई,” ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, “तुझं तोंड लय जड हाय रे.”

शुक्रवारी सकाळी खिळ्यावर किल्ली नव्हती. शनिवारी आई पुढे बसली, मी मागे. पोखर्णीच्या अलीकडच्या फाट्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स होता, माझ्याच डिझाइनचा. आप्पांनी वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

“इथं तू हाईस का कुठं?”

“खाली कोपऱ्यात फक्त नंबर हाय माझा.”

“बघू,” ते म्हणाले. त्यांनी गिअर टाकला. टाकला हे मला फक्त आवाजावरून कळलं. आईच्या मांडीवर नारळ होता, तो जागचा हलला नाही.