दातात सुरी धरलेला शिपाई

पोरं खदखदून हसली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. भाषांतर जमलं होतं!

मी बीडला असतो. इंग्रजीतली मुलांची पुस्तकं मराठीत आणतो. कच्चा खर्डा झाला की गावी चौसाळ्याला, आमच्या घराच्या ओट्यावर, पोरांना मोठ्यानं वाचून दाखवतो. पोरानं जांभई दिली की तिथं पेन्सिलीची खूण. संपादकापेक्षा ही तपासणी लई कडक.

हे पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, इंग्रज मुलांसाठीचं. त्यात इंग्रजांच्या बाजूनं लढणारा एक हिंदुस्थानी शिपाई आहे. दातात सुरी, तोंडात सारखं 'साहेब, साहेब', काट्याचमच्याला घाबरतो, पण साहेबासाठी जीव देईल. तेव्हाच्या अशा पुस्तकांत मदतीला आलेला परका सैनिक बहुधा असाच असायचा. शूर, इमानी आणि येडा.

शेजारची सरूआत्याही हसत होती.

"त्यो शिपाई कुठला रं?"

"आपल्याकडचाच, आत्या. हिंदुस्थानातला."

तिचं हसू थांबलं. ती पोटात असताना तिचा बाप त्याच लढाईत इटलीला गेला, तो परत आलाच नाही. घरात त्याचा फोटोसुद्धा नाही.

"मंग माझा बाप बी तिथं आसाच दिसत आसंल का?"

"न्हाई गं! लिहिणाऱ्याला काय माहीत?"

"पर तू बी तेच लिवलंस की."

मी त्या पानावर पेन्सिलीची खूण केली.

दुसऱ्या दिवशी संपादकांना फोन केला. "सर, ह्या शिपायाला जरा माणसात आणू या."

"करारात मजकूर बदलायची परवानगी नाही. फार तर शेवटच्या पानावर दोन ओळींची टीप टाका."

"एवढ्या अपमानाला दोन ओळी?" मी भडकलो आणि काम सोडलं.

पुस्तक दुसऱ्यानं केलं. चांगलं केलं, खोटं कशाला बोलू!

परवा चौसाळ्याला गेलतो. आत्याची पणती शाळेतून तेच पुस्तक घेऊन आली होती. दातात पट्टी धरून 'साहेब, साहेब' करत अंगणभर फिरत होती.

आत्या म्हणाली, "तू तर सोडलंतंस ना रं हे?"

"सोडलं होतं, आत्या."

"मंग कावून आलं?"

ओट्यावरचं पुस्तक उचललं, शेवटचं पान उघडलं. कोरं होतं. राग माझा खरा होता, पण त्या दोन ओळींची जागा मीच रिकामी सोडून आलो होतो.