दादाच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज

मी आयुष्यात एकच सिनेमा केला आणि त्यात माझ्या थोरल्या भावाच्या तोंडी दुसऱ्या माणसाचा आवाज घातला. त्याला न विचारता. विचारलं असतं तर तो ‘बरं’ म्हणाला असता, आणि ते ‘बरं’ ऐकायची माझी हिंमत नव्हती.

गोष्ट साधी होती. मेळघाटात एक निवृत्त वनरक्षक एकटा राहतो. बायको गेल्यावर मुलगी त्याला अमरावतीला न्यायला येते, आणि तो जात नाही. नटाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून बापाचं काम दादाला दिलं. दादा अकोल्याला असतो. बसमध्ये कंडक्टर होता, तेव्हा नुकताच रिटायर झाला होता. ‘बाळापूर, बाळापूर’ ओरडून त्याचा आवाज जाड आणि थोडा फाटका झाला होता.

जंगलात थंडी हाडात शिरायची. जनरेटर बंद पडायचा, मग सगळे शेकोटीभोवती बसून राहायचे. दादाने एकदाही कुरकुर केली नाही. शेवटच्या प्रसंगासाठी मी लिहिलं होतं, ‘बाळ, तू परत जा. माझं मन आता या रानातच रमतं.’ दादाने कागद वाचला.

“असं कोनता बाप बोलते बे?”

“मग काय बोलेल?”

“पोरीच्या तोंडाकडे पाह्यनारच नाई तो. चुलीकडे पाहून म्हनन, जेवून जाय. उशीर होईन तुले.”

तेच घेतलं. तो बोलून थांबला तरी ‘कट’ म्हणायचं मला सुचलं नाही.

पुढचं काम पुण्यात झालं. जो माणूस थिएटरं मिळवून देणार होता, त्याने सिनेमा पाहिला आणि म्हणाला, “चेहरा छान आहे हो, पण हे भांडल्यासारखं बोलतात. इकडे लोक हसतील.” मी थोडा वाद घातला. मग थकलो. खरं तर थकलो ही सबब झाली. मला आतून त्याचं पटलं होतं. एका सराईत कलाकाराला बोलावून दादाचं सगळं बोलणं नव्याने भरून घेतलं. ‘जेवून जा. उशीर होईल तुला.’ मऊ, पिकलेला आवाज. ओठांशी जुळलाही. मूळ आवाज ज्या डिस्कवर होता ती भाड्याची होती. परत देताना पुसून दिली.

मधल्या काळात दादाचा फोन यायचा. “झाला काय रे तुहा पिच्चर?” मी म्हणायचो, होतोय.

अकोल्याच्या खेळाला तो वहिनीला, बाळापूरच्या सोयऱ्यांना आणि जुन्या ड्रायव्हर-कंडक्टर दोस्तांना घेऊन आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. पडद्यावर त्याने पहिलं वाक्य म्हटलं आणि मागून एक ड्रायव्हर ओरडला, “लेका, पुन्याले जाऊन आला काय तू?” सगळे हसले. दादाही हसला. मग पुढे हसला नाही. शेवटच्या प्रसंगात वहिनी हळूच म्हणाली, “हे तं तुमी नाई.”

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “फोटो चांगला निंगाला माहा.”

सिनेमा चालला नाही, ते वेगळंच. पण त्यानंतर दादा माझ्याशी पुस्तकातलं बोलायला लागला. मी अमरावतीला राहतो; तिथून त्याच्याकडे गेलो की, “या, बसा. प्रवास कसा झाला आपला? चहा घेणार का?” वहिनी जमिनीकडे पाहायची. अंगणात असताना मला आतून त्याचा खरा आवाज ऐकू यायचा, शेजाऱ्याशी, नातवाशी; उंबरा ओलांडला की तो बंद. कंटाळेल कधीतरी, असं वाटायचं. तो कंटाळला नाही. मीच कमी जाऊ लागलो. आणि तक्रार कोणत्या तोंडाने करणार? कॉलेजात गेल्यापासून मीच घरात तसं बोलायला लागलो होतो.

या हिवाळ्यात सकाळच्या बसने अकोल्याला गेलो. दादा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होता. सत्तरीकडे झुकलाय आता.

“या, बसा,” तो म्हणाला. “खुर्ची आणवतो.”

मी खाली त्याच्यासमोर बसलो. सुपातल्या शेंगा घेतल्या, सोलू लागलो. बसमध्ये वाक्यं जुळवून आणली होती, चांगली, शुद्ध. त्यातलं एकही तोंडून निघेना. जे निघालं ते अडखळत निघालं, सवय मोडलेल्या घरच्या बोलीत.

“दादा, माहं चुकलं. तुहा आवाज मी काढाले नोको होता. तुले सांगतलंबी नाई. मले त्या पुन्याच्या लोकाइसमोर तुह्या बोलन्याची लाज वाटली होती, दादा. माफ कर मले.”