ऐच्छिक चाचणी आणि शंभर टक्के इच्छा

आधीच सांगून टाकतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. देवाशप्पथ! म्हणजे, एखाददुसरं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल. इतकी वर्षं चौथीला शिकवतोय, मुलांना जागं ठेवायचं तर थोडा मीठमसाला लागतोच.

कोरोनानंतर आमची नाशिक रोडची प्राथमिक शाळा परत उघडली, आणि आठवड्याभरात स्टाफरूममध्ये सापडलेल्या मास्कांनी एक खोका भरला. कोणाचे ते कळेना, टाकवत नाहीत आणि घालवत तर त्याहून नाहीत. किश्शांचंही तेच झालं. म्हटलं, एकदा खोका रिकामा करू.

*

आमचे शिपाई अहिरेमामा सटाण्याकडचे. मुख्याध्यापिका पगारेबाईंनी त्यांच्या हातात ताप मोजायची गन दिली आणि बजावलं, "मामा, शंभरच्या वर आलं की पोराला घरी पाठवायचं."

थंडीचे दिवस. पोरं सायकलवरून, रिक्षातून गारठून यायची. पहिल्याच पोराच्या कपाळावर मामांनी गन धरली आणि चेहरा पाडून माझ्याकडे आले.

"सर, मशीनमा अठ्ठ्याऐंशी उनं. हाऊ पोऱ्या जित्ता शे का नही?"

पोरानं मास्क खाली ओढला. "मामा, जित्ता आहे! फक्त होमवर्क नाही केलेला."

*

पालकांना गेटच्या आत यायला बंदी होती. जे काय बोलायचं ते गजांतून.

शाळेमागं बिल्डिंगचं काम चालू होतं, तिथं बिगारी करणारा गावित पेठकडचा. त्याची यशोदा माझ्या वर्गात. शाळा बंद होती तेव्हा सगळ्यांचे मोबाइलवर वर्ग भरले, पण गावितांच्या घरात मोबाइल एकच, आणि तो बापाच्या खिशात. त्यामुळे यशोदाला अक्षरं येत होती, पण जोडाक्षर आलं की गाडी रुळावरून उतरायची.

गावितनं गजांतून सरळ हिशेब मांडला. "सर, परीक्षेपर्यंत ठेवतो हिला. वाचाया आलं तर मावशीकडं राहून शिकंल. नाय आलं तर द्राक्षाच्या खुडणीला आमच्यासंगं. बारका भाऊ हाय, त्याला कोन संबाळंल?"

मी म्हटलं, "अहो भाऊ, परीक्षा नाही आता, नुसती चाचणी आहे. त्यात कोणी नापास होत नाही."

"तुमच्यात नाय होत," तो म्हणाला. "माज्यात होती."

त्या दिवसापासून मी यशोदाला मधल्या सुट्टीत वाचायला बसवायला लागलो. दोघांच्या मध्ये बरोबर सहा फूट. मला तिचं पुस्तक दिसायचं नाही, त्यामुळे ती वाचतेय की दडपून सांगतेय हे चेहऱ्यावरूनच ओळखावं लागायचं. आणि चेहऱ्यावर मास्क!

*

अंतर राखायचं म्हणून पगारेबाईंनी व्हरांड्यात आणि गेटच्या आत-बाहेर ऑइलपेंटचे पांढरे गोल काढून घेतले. एका पोराला एक गोल. पोरांनी दुसऱ्या दिवशी त्याचा खेळ केला. गोलाबाहेर पाय पडला की आऊट.

मग तपासणीला साहेब आले. सगळी पोरं आपापल्या गोलात पुतळ्यासारखी उभी. बाई खूश. साहेब पाहत पाहत पुढं निघाले तेवढ्यात मागून यशोदाचा खणखणीत आवाज आला.

"साहेब आऊट!"

साहेबांनी खाली पाहिलं, दोन्ही पाय जुळवले आणि उडी मारून जवळचा गोल गाठला! जाताना शेरा लिहिला, 'सुरक्षित अंतराचे काटेकोर पालन.'

*

दुसरीतल्या एका पोराची आई गेटवर तावातावानं आली.

"सर, मी याला निळा मास्क घालून पाठवते. काल घरी आला तर तोंडावर वाघ!"

बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या वर्गाच्या बाईंनी पोराला झापलं. "अरे, मास्क कोणी बदलतं का? आजार होतो!"

पोरगं हिरमुसलं. "बाई, मी काय फुकट नाय बदलला. वाघाच्या बदल्यात माझा मास्क आणि वर दोन पेरू दिले."

आईचा पारा आणखी चढला. "दोन पेरू? आणि मला म्हणाला डबा संपवला!"

*

मार्चच्या सुमारास चाचणीचं पत्रक आलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की चाचणी ऐच्छिक आहे. पालकांनी फॉर्मवर 'हो' किंवा 'नाही'ला टिक करायची.

पगारेबाईंनी मीटिंग घेतली. "नीट ऐका. चाचणी ऐच्छिक आहे. कोणावरही सक्ती करायची नाही. फक्त इच्छा शंभर टक्के आली पाहिजे!"

दुसऱ्या दिवसापासून गेटवर झुंबड. एका वडिलांनी विचारलं, "सर, माझी इच्छा आहे, मुलाची नाही. कुणाची धरायची?" एका ताईंनी हळूच विचारलं, "ऐच्छिकच आहे ना? मग प्रश्न आधी सांगायला काय हरकत आहे?"

माझ्या वर्गातला सोहम ऑनलाइन चाचण्यांत कायम पैकीच्या पैकी. त्याच्या फॉर्मवर 'नाही'ला टिक. मी विचारलं, "का रे? तू तर हुशार."

"सर, तेव्हा परीक्षेला आत्या बसायची."

"मग आता?"

"आता तिचं लग्न झालं."

*

लेखी चाचणी झाली. राहिलं वाचन. ते मी रोज चार-पाच पोरांचं घेत होतो, आणि यशोदाला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तेवढेच तिला आठ दिवस जास्त.

पण आठ दिवस मिळाले नाहीत. शाळा सुटायच्या वेळी गावित गेटवर हजर. पाठीला बारकं पोरगं बांधलेलं.

"सर, मुकादमाचा मेसेज आलाय. उद्या निघायचं. ती चाचनी का काय, झाली का?"

"वाचन राहिलंय. पुढच्या आठवड्यात घेतो."

"ती इच्छा असंल तरच द्यायची हाय ना?"

"हो."

"मंग माजी इच्छा हाय. आत्ता घ्या. माज्या देखत."

एवढ्या पालकांत खरी इच्छा असलेला हा एकच निघाला! पगारेबाई ऑफिसातून बाहेर आल्या. यशोदा गेटच्या आतल्या गोलात, गावित बाहेरच्या गोलात, मी गेटला लागून बाजूला. अहिरेमामा सॅनिटायझरची बाटली घेऊन उभे.

गेटजवळ नियमांचा बोर्ड होता. मी म्हटलं, "वाच."

यशोदानं न अडता वाचलं. "हात साबणाने धुवा. सहा फूट अंतर ठेवा. मास्क नसलेल्या व्यक्तींना शाळेत प्रवेश दिला जाणार नाही."

माझी छाती फुगली. गावितनं मान हलवली. "हे नाय चालायचं. हे सगळं तर रातच्याला झोपेत बरळती ती. पाठ हाय."

खरंच होतं. मामा रोज सकाळी तेच ओरडायचे.

गावितनं खिशातून मोबाइल काढला. मुकादम सगळ्या माणसांना एकच मेसेज लिहून टाकायचा, आणि गावितला तो वाचून दाखवायला कोणीतरी शोधावं लागायचं. "सकाळी ठेकेदाराच्या पोरानं वाचून सांगितला, पन घाईत होता. हे वाच. हे कुटं पाठ नसंल."

मामांनी मोबाइलवर दोनदा फवारा मारला, शर्टाला पुसला आणि गजांतून यशोदाच्या हातात दिला.

तिनं बराच वेळ नुसतं पाहिलं. बारकं पोरगं रडायला लागलं. मग तिनं बोट ठेवून सुरुवात केली.

"उद्या... सकाळी सहाला... गाडी... चौकात येईल." ती थांबली. "द्रा... द्राक्ष... द्राक्षांच्या खुडणीला... चार माणसं पाहिजेत."

जोडाक्षर! पगारेबाईंनी टाळी वाजवायला हात उचलले होते. पण यशोदा थांबली नव्हती. बोट स्क्रीनवर तसंच ठेवून, एका दमात, बिलकूल न अडखळता ती पुढं म्हणाली, "शाळेत जाणाऱ्या मुलींना गाडीत प्रवेश दिला जाणार नाही."

बाईंचे हात तसेच हवेत राहिले.

"असं लिवलंय?" गावितनं आधी तिला विचारलं, मग माझ्याकडे वळला. "सर, तुमी बगा. असं लिवलंय?"

मोबाइल माझ्या हातात आला. मास्कच्या वाफेनं माझा चष्मा धुकट झाला होता. तो मी पुसला, पुन्हा लावला आणि मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"बरोबर वाचलं तिनं," मी म्हणालो.

गावितनं मोबाइल परत घेतला. जरा वेळ तो स्क्रीनकडेच बघत राहिला. मग बारक्याला पाठीवर नीट बांधत म्हणाला, "मुकादम म्हंजी लय कडक मानूस हाय. ऱ्हा मावशीकडं. बारक्याला नेतो आमीच." आणि गेला.

पगारेबाई म्हणाल्या, "सर, शेरा लिहा." मी यशोदाच्या नावापुढं लिहिलं, 'वाचन: अपेक्षेपेक्षा जास्त.'

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात बनवलेलं काय? सांगतो. साहेबांनी उडी मारली नव्हती, ते चालत गोलात गेले. आणि मेसेजात वाक्यं दोनच होती. तिसरं बनवलेलं आहे. पण ते मी नाही बनवलं.